भरलेली बाटली परत जाते, रिकामी का नाही?

फवारणीचा हंगाम ओसरला की कृषी केंद्रांत उरलेल्या औषधांची मोजदाद सुरू होते. न विकलेले, सीलबंद खोके वितरकाकडे जातात, तिथून कंपनीच्या गोदामात. दुकानदाराच्या खात्यावर तेवढी रक्कम जमा होते आणि पुढच्या खरिपाचा व्यवहार मोकळा होतो. बियाणं आणि कीटकनाशकं यांच्या व्यापारात ही मालवापसी नवी नाही. हंगाम कसा जाईल हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून परत घेण्याची सोय ठेवूनच माल दिला जातो. यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबन, वणी, पांढरकवडा या बाजारांत जो ट्रक औषध उतरवतो त्याच्या साखळीला परतीची वाटही आहे. त्या वाटेने भरलेली बाटली परत जाते. त्याच दुकानातून विकली गेलेली आणि कपाशीवर रिकामी झालेली बाटली मात्र धुऱ्यावर पडते, नाल्यात वाहते, विहिरीच्या काठाशी रुतते किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात जाते. माझं म्हणणं एवढंच आहे की रिकाम्या बाटलीलाही हीच परतीची वाट मिळाली पाहिजे. तिचा खर्च औषध बनवणाऱ्याने उचलावा, ती दुकानात घेतली जावी आणि तिच्यावर शेतकऱ्याची अनामत असावी. मुकुटबनला सिमेंटची भट्टी आहे म्हणून बाटल्या तिच्यात जाळून मोकळं होणं हा या प्रश्नाचा पहिला पर्याय असू नये, तो शेवटचा असावा.

यवतमाळात हा प्रश्न विशेष तीव्र का आहे ते समजायला कापूस पुरेसा आहे. जिल्ह्यात चार लाख हेक्टरांच्या वर कपाशी उभी राहते. झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम पोडांपासून पैनगंगेकाठच्या काळ्या जमिनीपर्यंत जुलै ते ऑक्टोबर पाठीवरचे पंप चालू असतात. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचं कवच भेदल्यापासून फवारण्यांवरचा भर आणखी वाढला. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांची विक्री तात्पुरती थांबवली. तेव्हाची चर्चा मास्क, हातमोजे, पंपाचा जोर, औषधांची सरमिसळ यांभोवती फिरली आणि ते योग्यच होतं. पण विषाचा प्रवास पंपात संपत नाही. औषध ओतून घेतल्यावरही बाटलीच्या तळाशी, खांद्याशी, झाकणाच्या आट्यांत ते उरतं. मजूर त्याच हाताने बाटली भिरकावतो आणि पुढच्या पावसात तो उरलेला अंश पाण्याला लागतो. कुणाच्या घरी तीच बाटली रॉकेल, तेल, कधी पाणी भरायला घेतली जाते. कोऱ्या, जाड, घट्ट झाकणाच्या बाटलीचा मोह गरीब घराला पडणार, यात त्या घराचा दोष काय?

कायदा याबाबत काय सांगतो हे वाचलं की कोंडी नेमकी कुठे आहे ते कळतं. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखालचे नियम १९७१ चे. त्यातला ४४ वा नियम सांगतो की रिकामी वेष्टनं, उरलेला माल आणि धुवण यांची पाणी-पर्यावरण दूषित होणार नाही अशी विल्हेवाट लावणं ही उत्पादकाची, मिश्रण करणाऱ्याची आणि वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. पुन्हा वापर होऊ नये म्हणून रिकामी वेष्टनं बाहेर टाकून ठेवू नयेत, असंही तो सांगतो. इथवर सगळं ठीक. पण पुढचं वाक्य असं की वेष्टनं फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. १९७१ मध्ये औषध पत्र्याच्या डब्यात आणि काचेत येत असे, फवारण्या थोड्या होत, तेव्हा पुरणं हा निदान विचार करण्याजोगा मार्ग होता. आज बाटली जाड प्लॅस्टिकची आहे, तिच्या भिंतीत कधी दोन-तीन वेगवेगळे थर असतात, आणि ती जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. शिवाय पुरायचं कुणी? मजूर दिवसाच्या मजुरीवर आलेला असतो, मालक कधी शेतावर असतो, कधी नसतो. नियमाने जबाबदारी तिघांवर टाकली, आणि व्यवहारात ती त्या तिघांतल्या सर्वांत दुबळ्याच्या गळ्यात पडली. कारखान्यात विषारी रसायनाने माखलेली रिकामी पिंपं घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत मोडतात, त्यांची नोंद होते, त्यांच्या वाहतुकीला कागद लागतो. तेच रसायन छोट्या बाटलीतून शेतात पोचलं की त्या बाटलीचा हिशेब ठेवणारी वही कुठेच नसते.

वस्तू परत करायची सवय आपल्याकडे नाही, असं कुणी म्हणेल तर त्याने स्वयंपाकघरात बघावं. गॅसचं सिलिंडर हा देशातला सर्वांत मोठा परतीचा व्यवहार असावा. ग्राहक अनामत भरतो, रिकामं सिलिंडर देऊन भरलेलं घेतो. ते तपासलं जातं, ठरावीक वर्षांनी दाबाची चाचणी होते, झडप बदलते, रंग लागतो, आणि तेच लोखंड पुन्हा दुसऱ्या कुणाच्या ओट्याखाली येतं. कुठल्याच गावात सिलिंडर उकिरड्यावर पडलेलं दिसत नाही. दुसरं उदाहरण फवारणीच्या पंपालाच जोडलेलं आहे. बॅटरीवर चालणाऱ्या पंपाची किंवा ट्रॅक्टरची शिसे-आम्लाची बॅटरी निकामी झाली की शेतकरी ती दुकानात नेतो आणि नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीचे पैसे कापून घेतो. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यांवर आणि उत्पादकांवर २००१ च्या नियमांनी टाकली होती, २०२२ च्या नव्या नियमांनी ती उत्पादकांवर आणखी पक्की केली. तोच शेतकरी, तोच बाजार. बॅटरी परत येते आणि बाटली येत नाही, कारण बॅटरीतल्या शिशाला किंमत आहे आणि बाटलीच्या प्लॅस्टिकला जवळजवळ नाही. जिथे वस्तूची आपली किंमत पुरत नाही तिथे ती किंमत अनामतीने तयार करावी लागते.

परत आलेल्या वस्तूंच्या साखळीवर जगभर बराच अभ्यास झाला आहे, आणि त्यातली मुख्य अडचण गोळा करण्यात आहे. नवा माल कारखान्यातून किती, कधी, कसा निघेल ते मालकाच्या हातात असतं. परतीचा माल किती येईल, कधी येईल आणि कोणत्या अवस्थेत येईल, या तिन्ही गोष्टी त्याच्या हाताबाहेर असतात. जुन्या मालापासून नवा घडवणारा कारखाना याच अनिश्चिततेने बुडतो. २००४ मध्ये सवस्कन, भट्टाचार्य आणि व्हॅन वासेनहोव या अभ्यासकांनी मांडलेल्या एका प्रसिद्ध निबंधाचा निष्कर्ष आपल्याला थेट उपयोगी आहे. वस्तू कंपनीने स्वतः गोळा करावी, तिसऱ्या संस्थेला ते काम द्यावं की विक्रेत्याने करावं, अशी तुलना करून त्यांनी दाखवलं की ग्राहकाच्या सर्वांत जवळ असलेल्या विक्रेत्याकडून गोळा करणं कंपनीच्याही हिताचं ठरतं. आपल्या बाबतीत तो विक्रेता म्हणजे कृषी केंद्र. कोणत्या शेतकऱ्याने कोणतं औषध किती नेलं हे त्याला माहीत असतं, आणि पुढच्या फवारणीला तोच शेतकरी पुन्हा त्याच्याच दारात येतो.

अनामतीने खरंच फरक पडतो का, याचं उत्तर दोन उलट अनुभवांत मिळतं. तमिळनाडूने नीलगिरी जिल्ह्यात मे २०२२ पासून सरकारी दुकानातल्या दारूच्या बाटलीवर १० रुपये जास्त घ्यायला आणि रिकामी बाटली आणून दिल्यावर ते परत द्यायला सुरुवात केली. त्याआधी फुटलेल्या काचांनी जंगलात हत्तींचे पाय कापले जात, म्हणून उच्च न्यायालयाने हे प्रकरण हाती घेतलं होतं. नव्वद टक्क्यांहून अधिक बाटल्या परत येऊ लागल्या आणि योजना इतर जिल्ह्यांत नेण्यात आली. दुसरा अनुभव आपल्या घरचा आहे. महाराष्ट्राने मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतीची किंमत छापायला सांगितलं. पाण्याच्या बाटल्यांनाही तशीच किंमत ठरवून दिली. आकडे छापले गेले, पण पिशवी घेऊन दुकानात गेलेल्या माणसाला पैसे मिळतील याची खात्री कुठेच तयार झाली नाही. ५० पैशांसाठी पिशवी धुऊन, वाळवून, साठवून कोण नेणार, आणि दुकानदाराला ती घेण्यात काय मिळणार? दोन्ही योजनांत अनामत होती. नीलगिरीत रक्कम जाणवण्याइतकी होती आणि बाटली घेणारा काउंटर बांधील होता, आपल्याकडे दोन्ही नव्हतं. तिथे विक्रेता एकच होता आणि तोही सरकारी, आपल्या गावोगावी वेगवेगळ्या मालकांची कृषी केंद्रं आहेत, हा फरक मी लपवत नाही. त्यामुळे इथे परवाना देणाऱ्या कृषी विभागाला जास्त काम करावं लागेल.

कीटकनाशकांच्या बाटल्यांपुरतं बोलायचं तर सर्वांत मोठा धडा ब्राझीलचा आहे. २००० सालच्या कायद्याने तिथे प्रत्येकाचं काम वाटून दिलं. शेतकऱ्याने बाटली तीनदा धुवायची, ते पाणी पंपातच ओतायचं, बाटलीला भोक पाडायचं आणि खरेदीपासून वर्षाच्या आत परत करायची. विक्रेत्याने बिलावर परतीचं ठिकाण छापायचं, आणि तिथून पुढची वाहतूक व प्रक्रिया कंपन्यांनी करायची. कंपन्यांनी मिळून त्यासाठी इनपेव्ह ही संस्था उभी केली, २००२ पासून ती काम करते आहे. आजवर सात लाख टनांहून अधिक रिकामी वेष्टनं तिने परत आणली आणि औषधाला थेट लागलेल्या प्लॅस्टिकपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त तिच्या हाती येतं. त्यातल्या प्लॅस्टिकचे पाइप, विजेच्या तारांच्या नळ्या होतात, आणि काही बाटल्यांपासून पुन्हा कीटकनाशकाच्याच बाटल्या बनतात. यालाच बंद साखळी म्हणायचं. तीनदा धुण्याला काही जण कर्मकांड समजतात, पण ते या सगळ्याचं मूळ आहे. नीट तीनदा धुतलेल्या बाटलीतलं जवळजवळ सगळं औषध निघून जातं, आणि अशी बाटली घातक कचरा मानू नये असं अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. धुवण पंपात गेल्याने शेतकऱ्याने पैसे मोजलेलं औषध पिकावर पडतं, तळाशी वाया जात नाही.

ब्राझीलचा शेतकरी हजारो हेक्टरांचा, आपला दीड हेक्टरांचाही नाही, असा आक्षेप लगेच येतो. महाराष्ट्रात सरासरी वहिवाट १.३४ हेक्टर आहे, हा २०१५-१६ च्या कृषी गणनेचा आकडा, आणि आक्षेप खरा आहे. पण ब्राझीलमध्येही लहान शेतकरी आहेत आणि त्यांच्यासाठी ठरावीक दिवशी गावात गाडी येते. आपल्याकडे आठवडी बाजाराची रचना त्यापेक्षा सोयीची आहे. झरी जामणीतली माणसं बाजाराच्या दिवशी मुकुटबनला येतातच. ब्राझीलमध्ये अनामत नाही, कायद्याचा धाक आणि पावती आहे. आपल्याकडे लहान शेतकऱ्यावर दंडाचा बडगा उगारणं अन्यायाचं होईल, म्हणून दंडाऐवजी अनामत मला जास्त न्याय्य वाटते.

आता मुकुटबनच्या भट्टीकडे येऊ. इथला सिमेंट कारखाना वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा, २०२२ मध्ये सुरू झालेला. चुनखडी आणि कोळसा दोन्ही जवळ, आणि माजरी ते आदिलाबाद मार्गावरचं स्थानक दारात. सिमेंटच्या भट्टीत माल साधारण १४५० अंशांपर्यंत तापतो, ज्वाला त्याहून कितीतरी तप्त असते आणि राख क्लिंकरमध्ये मिसळून जाते. म्हणून घातक कचरा जाळण्यासाठी जगभर अशा भट्ट्या वापरतात. आपल्या नियमांनीही त्याला मान्यता दिली आहे. बाटलीच्या प्लॅस्टिकमध्ये कोळशापेक्षा जास्त उष्णता असते, त्यामुळे कोणत्याही सिमेंट उद्योगाला ते जळण म्हणून हवंसंच वाटेल. मग गोळा करा आणि भट्टीत टाका, एवढं सोपं का नको? एक कारण असं की जळालेलं प्लॅस्टिक संपलं. ज्या वस्तूची पुन्हा बाटली किंवा निचऱ्याचा पाइप होऊ शकतो, तिचं एकदाच जळण करणं ही उधळपट्टी आहे. पण मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. बाटली शेवटी जाळायचीच आहे हे एकदा ठरलं की ती तीनदा धुवायला कुणी सांगणार नाही, मापाने गोळा करायला कुणी बसणार नाही, आणि वेगवेगळ्या थरांची, लेबलांची, झाकणांची सरमिसळ तशीच पुढे जाईल. मग कंपनीलाही सहज पुनर्वापर होईल अशी एका थराची बाटली बनवण्याचं कारण उरणार नाही. भट्टीची खरी जागा वेगळी आहे. जी बाटली धुता आली नाही, जिच्यात मुदतबाह्य औषध आहे, ज्या चकचकीत पुड्यांचे थर वेगळे होत नाहीत, त्यांच्यासाठी ती हवीच. तिथेही क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक आधी वेगळं काढावं लागेल, कारण ते भट्टीतच चिकटून वाट अडवतं. आणि भट्टीच्या धुराड्यातून काय निघतं याची मोजणी मुकुटबनच्या लोकांना वाचता येईल अशा मराठीत चौकात लावली गेली पाहिजे.

याच सिमेंट उद्योगाकडून मी एक आशाही घेतो. औष्णिक केंद्रांची राख एके काळी केवळ ढीग होती. सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने वीज केंद्रांवर तिचा वापर करण्याचं बंधन आलं, पुढे ते कडक होत गेलं, आणि आज राख मिसळलेलं सिमेंट घराघरांत आहे. चंद्रपूरसारख्या केंद्राशेजारी राहणाऱ्यांचे राखेचे हाल अजून संपलेले नाहीत, हेही तितकंच खरं. तरी ज्या वस्तूला कुणी विचारत नव्हतं तिला नियमाने गिऱ्हाईक मिळवून दिलं.

प्लॅस्टिकच्या बाबतीत तसा नियम आधीच आहे, असं कंपन्या सांगतील. फेब्रुवारी २०२२ पासून उत्पादकांवर वेष्टनाच्या प्लॅस्टिकची वाढीव जबाबदारी आहे, टणक प्लॅस्टिकसाठी पुनर्प्रक्रियेची उद्दिष्टं आहेत आणि नव्या वेष्टनात जुनं प्लॅस्टिक किती घालायचं याचेही टप्पे ठरले आहेत. पण ही जबाबदारी प्रमाणपत्रं विकत घेऊनही पुरी करता येते. एखाद्या शहरात शाम्पूच्या बाटल्या वितळवल्याचं प्रमाणपत्र कंपनीकडे जमा झालं की तिचं वजन भरतं, आणि झरी जामणीच्या धुऱ्यावरची बाटली जिथे होती तिथेच राहते. शाम्पूची बाटली आणि विषाची बाटली एकाच तागडीत तोलणं मला मान्य नाही. कीटकनाशकाच्या वेष्टनाला स्वतंत्र वर्ग हवा, त्याचं उद्दिष्ट त्याच वेष्टनातून पुरं झालं पाहिजे. आणि त्याचं प्लॅस्टिक घरगुती वस्तूंत जाता कामा नये. आज भंगारात गेलेल्या बाटलीच्या चुऱ्यातून बादली होते की खेळणं, हे कुणी सांगू शकत नाही. बंद साखळी नसली की उघडी साखळी अशीच कुठेही जाते.

उरले ते व्यवहाराचे आक्षेप, आणि त्यांतला एक मला फार गंभीर वाटतो. अनामत ठेवली की धुऱ्यावरच्या बाटल्या गोळा करायला लहान मुलं जातील. गरिबीत हे होणार, नाही म्हणून चालणार नाही. म्हणून अनामत बाटलीवर नको, खरेदीच्या बिलावर हवी. ज्याच्या नावाने बिल, त्यालाच किंवा त्याच्या घरच्या प्रौढ माणसालाच परतावा, आणि तोही धुतलेल्या, भोक पाडलेल्या, सुकलेल्या बाटलीवर. जुन्या, बेवारस बाटल्यांसाठी कंपन्यांनी हातमोजे घातलेल्या प्रौढ कामगारांची वेगळी मोहीम काढावी. औषध महागेल हा आक्षेप त्यामानाने सोपा आहे. बरीच खरेदी उधारीवर होते, अनामतही त्याच खात्यात चढेल आणि बाटली आल्यावर उतरेल. दुकानात जागा नाही, वास येतो, हे दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. त्यासाठी दुकानाबाहेर कुलूपबंद जाळीचा पिंजरा आणि प्रत्येक बाटलीमागे हाताळणीचा मोबदला कंपनीनेच द्यावा. सीमेपलीकडे आदिलाबादेत घेतलेली बाटली इकडे आली तर काय, आणि परवान्याविना विकल्या जाणाऱ्या औषधांच्या बाटल्यांचं काय? एका राज्यापुरती योजना इथेच फुटेल हे मी मान्य करतो. बाटलीवर देशभर चालणारा संकेतांक हवा. ज्या बाटलीवर तो नसेल ती कुठून आली हे विचारायला कृषी विभागाला आयतं कारण मिळेल.

याच वाटेने आणखी एक गोष्ट परत यावी असं मला मनापासून वाटतं, ती म्हणजे अर्धी उरलेली बाटली. हंगाम संपल्यावर ती घराच्या फळीवर किंवा गोठ्याच्या आढ्याला खोचून राहते. मुदतबाह्य माल वेगळा ठेवून त्याची सुरक्षित विल्हेवाट लावण्याचा नियम आहे, पण तो दुकानांसाठी, घरांसाठी नाही. यवतमाळने जे सोसलं आहे ते पाहता घरात विष कमी असणं हीच एक मदत आहे. श्रीलंकेत सर्वांत जहाल औषधं बाजारातून काढल्यावर आत्महत्यांचं प्रमाण मोठ्या प्रमाणात घटलं, कारण संकटाच्या घडीला हाताशी काय आहे यावर बरंच काही ठरतं. दिवाळीनंतर न विकलेला माल घेऊन जाणारी गाडी या उरलेल्या बाटल्याही नेऊ शकते, शेतकऱ्याला त्यांचे थोडे पैसेही देऊ शकते.

यासाठी संसदेची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. ४४ व्या नियमात उत्पादकाची जबाबदारी आधीच लिहिलेली आहे. परवान्यात कृषी विभागाने एका तालुक्यापुरती अट घालून पाहावी, कंपन्यांनी मिळून गोदाम आणि गाडी द्यावी, प्रदूषण नियंत्रण मंडळाने भट्टीत काय आणि किती जाईल ते ठरवावं. झरी जामणी त्यासाठी सोयीचा तालुका आहे, लहान आहे, कापसाचा आहे आणि शेवटच्या टप्प्याची भट्टी त्याच्याच हद्दीत आहे. मे महिन्यात औषधांचे खोके मुकुटबनला उतरू लागतात आणि जुलैत पहिली फवारणी होते. मधल्या दोन महिन्यांत पिंजरे बसले आणि बिलावर अनामतीची ओळ छापली गेली, तर वेचणी सुरू होईपर्यंत रिकाम्या बाटल्यांचा पहिला ट्रक भरलेला असेल.